खालचे नळ बंद झाले, की…

गिरगावातल्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढायचं ते पहाटे जेमतेम पाऊण तास. तेही खालचे सगळे नळ बंद असतील तर. तळमजल्यावर एक जरी नळ उघडा राहिला, तरी आमच्या मोरीतल्या तोटीतून नुसती हवा फुसफुसायची. मग आई कठड्यावरून वाकून हाक द्यायची, "खालचे नळ बंद करा हो!" एकाने बंद केला, फरक नाही. दुसऱ्याने केला, तरी धार नाही. शेवटचा नळ बंद झाला, की मात्र तोटी खाकरायची आणि पाणी उसळून यायचं.

१९३० सालचा एक परिपथ पहिल्यांदा कागदावर उलगडताना मला ती तोटी आठवली. त्यानंतर कॉलेजात तो परिपथ शिकवायची वेळ आली तेव्हा दर वर्षी आठवत गेली. आज त्याच्याविषयी लिहायला बसलोय ते त्याचा इतिहास सांगायला नव्हे. एखादी बंदिश पुन्हा पुन्हा ऐकावी आणि दर वेळी तिच्यातली एखादी जागा नव्याने सापडावी, तसं या परिपथाचं माझ्या बाबतीत झालं आहे. त्या जागा दाखवाव्यात, एवढंच मनात आहे.

परिपथ ब्रूनो रॉसी यांचा. 'नेचर'च्या २६ एप्रिल १९३०च्या अंकात, पान ६३६वर, तो एका छोट्या टिपणात प्रसिद्ध झाला. रॉसी तेव्हा नुकते पंचवीस वर्षांचे झाले होते. जन्म व्हेनिसचा, शिक्षण पादुआ आणि बोलोन्यात आणि नोकरी फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री टेकडीवरच्या भौतिकीच्या संस्थेत. गॅलिलिओने नजरकैदेतली अखेरची वर्षं काढली ती याच टेकडीवर. संस्थेत पैशांची चणचण होती, पण जुझेप्पे ओक्यालीनी, जिल्बेर्तो बेर्नार्दीनी अशी तरुण मंडळी भोवती होती आणि करायला काय घ्यावं याचा शोध चालू होता.

विषय चालून आला जर्मनीतून. १९२९मध्ये वाल्टर बोथे आणि वेर्नर कोलह्यॉर्स्टर यांनी कण आतून गेला की विजेचा ठोका देणाऱ्या दोन गायगर-म्युलर नळ्या एकीवर एक ठेवल्या आणि मध्ये ४.१ सेंटिमीटर जाडीचा सोन्याचा ठोकळा सरकवला. दोन्ही नळ्या एकाच वेळी 'वाजल्या', तर एकच कण दोन्हींतून गेला असं मानायचं. सोनं मध्ये घातल्यावरही अशा जोडघटनांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश टिकून राहिल्या. आकाशातून येणारे वैश्विक किरण म्हणजे प्रकाशाच्याच जातीचे अतिशय तीव्र किरण, असं रॉबर्ट मिलिकन यांच्यासारखे दिग्गज सांगत होते. पण एवढं जाड सोनं भेदून जाणारे हे तर विद्युतभारित कण दिसत होते. रॉसींनी तो निबंध वाचला आणि काही आठवड्यांत स्वतःच्या नळ्या बनवून कामाला लागले.

आता मुख्य अडचण. दोन नळ्या 'एकाच वेळी' वाजल्या हे ओळखायचं कोणी? बोथे यांनी दोन ग्रिड, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या दोन जाळ्या, असलेल्या एका इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हकडे ते काम दिलं. दोन नळ्यांना ते पुरे होतं. तिसरी नळी आली की त्या व्हॉल्व्हमध्ये तिला जागा नाही. रॉसींना तीन नळ्या हव्या होत्या, जमल्यास चार.

तीन कशासाठी, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. समजा, प्रत्येक नळी सेकंदाला दोनदा वाजते आणि एक हजारांश सेकंदाच्या आत आलेल्या ठोक्यांना आपण 'एकाच वेळी आलेले' मानतो. दोन नळ्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसला, तरी त्या निव्वळ नशिबाने दिवसाला सुमारे ६९० वेळा एकत्र वाजतील. खरा कण कोणता आणि नशिबाचा खेळ कोणता, हे त्या गर्दीत कसं निवडायचं? तिसरी नळी जोडा. तिन्ही निव्वळ नशिबाने एकत्र वाजण्याचं प्रमाण दिवसाला दोनावर येतं. ६९०वरून दोन! नवीन जोडायची ती एकच नळी, पण तिच्यामुळे सगळा कचरा गाळला जातो.

इथे भाषेची एक गंमत मला नेहमी अडवते. प्रयोगशाळेत या प्रकाराला 'कोइन्सिडन्स' म्हणतात. त्याचा मराठीत 'योगायोग' असा अनुवाद केला, की अर्थच उलटा होतो. योगायोग म्हणजे कारणाविना जुळून आलेलं, आणि रॉसींचा परिपथ योगायोग गाळून टाकण्यासाठीच जन्माला आला. म्हणून मी विद्यार्थ्यांना 'एकवेळ' म्हणायला सांगतो. शब्द ओबडधोबड आहे, पण खोटा नाही.

आता परिपथ पाहू. प्रत्येक गायगर नळीमागे एक ट्रायोड व्हॉल्व्ह आहे. नळ्या तीन तर व्हॉल्व्ह तीन. तिन्ही व्हॉल्व्हच्या प्लेट एका तारेने एकमेकींना जोडलेल्या, आणि त्या सामाईक तारेपासून बॅटरीच्या धन टोकापर्यंत एकच मोठा रोध. रेखाटन बस एवढंच.

पहिली दाद द्यायची ती विश्रांतीच्या अवस्थेला. काहीच घडत नसताना हे व्हॉल्व्ह बंद नसतात, तिन्ही वाहत असतात. खालचे तिन्ही नळ उघडे आहेत, त्यामुळे सामाईक तारेवर दाब नाही. बॅटरीचा सगळा जोर त्या मोठ्या रोधातच जिरतो. साध्या डोक्याने रचना करायला बसलो, तर आपण उलट करू: सगळं शांत ठेवू, आणि ठोका आला की काहीतरी उठावं अशी योजना करू. रॉसींनी सगळं उघडं ठेवलं आणि ठोका आला की बंद व्हावं अशी योजना केली. हे सुचायला त्यांना गायगर नळीचा स्वभाव उपयोगी पडला असणार, असं माझं वाचन आहे. नळीच्या मधल्या तारेवर मोठा धन दाब असतो. कण आत शिरला की सुटलेले इलेक्ट्रॉन त्या तारेकडे धावतात, आणि बाहेर येणारा ठोका ऋण असतो. ऋण ठोका ट्रायोडच्या ग्रिडवर पडला, की व्हॉल्व्ह आपसूक बंद होतो. ठोका जसा आला तसाच वापरला, त्याला उलटवायला आणखी एक व्हॉल्व्ह खर्ची घातला नाही. साहित्य जवळ थोडं असलं, की असा हात तयार होतो.

दुसरी जागा त्या एकमेव रोधाची. त्याचा आकार मोठा हवा, व्हॉल्व्हच्या स्वतःच्या रोधापेक्षा कितीतरी मोठा. हिशेबासाठी शंभरपट धरू आणि बॅटरी १०० व्होल्टची. तिन्ही व्हॉल्व्ह वाहत असताना सामाईक तारेवर असतो साधारण एक तृतीयांश व्होल्ट. एक बंद झाला: अर्धा व्होल्ट. दुसराही बंद झाला: एक व्होल्ट. आणि तिसरा बंद झाला, की १००. एक तृतीयांश, अर्धा, एक, शंभर. हे चार आकडे मी फळ्यावर लिहितो आणि थोडा वेळ काही बोलत नाही. पहिल्या दोन पायऱ्या चढताना जवळपास काहीच हललं नाही, आणि शेवटच्या पायरीला मजलाच बदलला. पुढच्या व्हॉल्व्हला फक्त एवढंच सांगायचं, की एखाद-दुसऱ्या व्होल्टकडे लक्ष देऊ नकोस. आमच्या चाळीत मुख्य नळ बारीक होता म्हणूनच खालचा एक उघडा नळ वरचं सगळं पाणी ओढून घ्यायचा. इथे तो बारीक नळ म्हणजे हा मोठा रोध.

तिसरी जागा मला फार उशिरा दिसली. या रचनेला तीनच्या आकड्याचं कसलंही बंधन नाही. चौथी नळी आली, तर आणखी एक व्हॉल्व्ह त्याच तारेला लटकवायचा. जुनं काही सोडायचं नाही, फिरवायचं नाही. एखादी पंगत पाट मांडत हवी तेवढी लांबवावी तसं.

आणि चौथी जागा ही या परिपथाची दुखरी बाजू आहे. तीही सांगायला हवी, कारण नुसतं कौतुक करणारा रसिक अर्धाच रसिक. दोन वर्षांपूर्वी आमच्या लॅबमध्ये मुलांनी हा परिपथ आजच्या साहित्यात बांधला. व्हॉल्व्हऐवजी तीन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी, वर १ किलोओहमचा रोध, प्रत्येक बेसला ४७ किलोओहम, आणि नळ्यांऐवजी दाबायची तीन बटणं, दाबली की बेस जमिनीला टेकवणारी. तिन्ही बटणं एकत्र दाबली तर लाल एलईडी पेटायला हवा. पेटला. टाळ्याही झाल्या. मग एका मुलीने नुसती दोन बटणं दाबली, आणि एलईडी तरीही पेटला. सगळे गोंधळले. तिने ब्रेडबोर्ड डोळ्यांजवळ नेला आणि नखाने एकेक पाय चाचपत गेली. मधल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरचा पाय भोकात बसलाच नव्हता, बाहेरच्या बाहेर टेकून उभा होता.

म्हणजे तो ट्रान्झिस्टर कायमचाच 'बंद' होता, आणि परिपथाच्या लेखी बंद असणं म्हणजे होकार. आपल्याकडे मौनाला संमती समजतात. हा परिपथही तसंच समजतो. ज्याचा तंतू जळून गेला आहे असा व्हॉल्व्ह त्याला जन्मभर 'हो' म्हणत राहतो, आणि तीन साक्षीदारांचा खटला गुपचूप दोघांवर निभावतो. उलट गायगर नळी मेली तर बिघाड लगेच कळतो, कारण मोजणीच थांबते. पण व्हॉल्व्ह मेला तर मोजणी वाढते, आणि वाढलेली मोजणी कोणाला खुपत नाही. म्हणून प्रत्येक नळी एकेक करून तोडून पाहायची, आणि मोजणी शून्यावर येते की नाही ते बघायचं. त्या मुलीने वहीत शेवटी लिहिलं होतं, 'आधी दोन दाबून पाहावे.' परिपथाची इतकी नेमकी समीक्षा मी दुसरीकडे वाचलेली नाही.

परिपथ तयार झाल्यावर रॉसींनी त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. मला सगळ्यात आवडतो तो त्रिकोणाचा प्रयोग. तीन नळ्या एका सरळ रेषेत न ठेवता त्रिकोणात मांडल्या. कोणताही एक कण सरळ जाताना तिन्हींतून जाऊच शकणार नाही, अशी ती मांडणी. तरीही तिन्ही एकत्र वाजत होत्या. मग वर शिशाचे पत्रे ठेवले. कोणीही म्हणेल, मध्ये अडथळा आला की मोजणी घटेल. ती वाढली. शिसं दीड सेंटिमीटरच्या आसपास होईपर्यंत वाढत गेली, आणि मग उतरू लागली. याचा अर्थ, शिशात शिरलेला एक कण तिथे अनेक कण जन्माला घालत होता, आणि ते फाकून एकाच क्षणी तिन्ही नळ्यांत शिरत होते. हे इतकं अविश्वसनीय वाटलं, की एका जर्मन नियतकालिकाने तो निबंध नाकारला. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांनी रॉसींचा भरवसा दिल्यावर तो दुसरीकडे छापून आला. त्या आलेखाला पुढे रॉसी-वक्र हे नाव पडलं.

तो वक्र असा चढून का उतरतो, याचं गणित १९३७मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुटलं. एक उत्तर अमेरिकेतल्या कार्लसन आणि ओपेनहायमर यांचं. दुसरं वाल्टर हाइटलर आणि केंब्रिजमध्ये काम करणारे होमी भाभा यांचं. इलेक्ट्रॉनातून प्रकाशकण, प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, त्यातून पुन्हा प्रकाशकण, अशी ती पायरीपायरीने कोसळणारी सर. १९४५मध्ये भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली, तेव्हा वैश्विक किरणांचा प्रयोग तिच्या कामात सुरुवातीपासून असणं साहजिकच होतं. पुढे कुलाब्यातल्या त्याच संस्थेत, न्यूट्रिनो वेधशाळेच्या तयारीसाठी, एक मीटर लांबी-रुंदीच्या डिटेक्टरांचे बारा थर एकावर एक रचून ठेवले होते. त्यातले ठरावीक थर एकाच वेळी बोलले, तरच ती घटना नोंदली जाई.

ओक्यालीनी १९३१मध्ये केंब्रिजला गेले ते हे तंत्र बरोबर घेऊन. पॅट्रिक ब्लॅकेट तिथे क्लाउड चेंबरमध्ये कणांच्या वाटांचे फोटो काढत होते, पण अंदाजाने. बऱ्याच फोटोंत काहीच नसे. त्यांनी चेंबरच्या वर एक आणि खाली एक नळी लावली. दोन्ही एकत्र वाजल्या, की चेंबर फुगायचं आणि फोटो निघायचा. कणाने स्वतःच कॅमेऱ्याची कळ दाबली, असं म्हटलं तरी चालेल. आज जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, प्रोटॉनांचे गुच्छ सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांना सामोरे येतात. सीएमएस डिटेक्टरची इलेक्ट्रॉनिक्स त्यातल्या सेकंदाला सुमारे एक लाख घटनाच पुढे जाऊ देते, आणि प्रत्येक निवाड्याला तिच्या हातात सेकंदाच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ असतो. त्याच सीएमएसमधला बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर टाटा संस्थेच्या गटाने उभारला. हे सगळं भव्य आहे, पण मी तिथे फार वेळ थांबणार नाही. 'कोण कोण एकत्र बोललं?' हा तिथलाही पहिला प्रश्न असतो, आणि तो मला त्या तीन व्हॉल्व्हच्या चित्रातच जास्त स्पष्ट दिसतो.

रॉसींचं पुढचं आयुष्य सरळ गेलं नाही. १९३२मध्ये ते पादुआला प्राध्यापक झाले, तिथली नवी भौतिकी संस्था त्यांनी उभी केली, आणि १९३८मध्ये इटलीतल्या वंशभेदाच्या कायद्यांनी त्यांना तिच्यातून काढून टाकलं. त्याच वर्षी लग्न झालेलं. नवरा-बायको कोपनहेगन, मँचेस्टर करत १९३९मध्ये अमेरिकेत पोचली. तिथे, कॉर्नेलमध्ये, नॉरिस नेरेसन यांच्याबरोबर त्यांनी आपल्याच परिपथाचा प्रश्न बदलला. आतापर्यंत तो विचारत होता, 'एकाच वेळी आलात का?' आता त्यांनी विचारलं, 'किती वेळाने आलात?' म्यूऑन हा अल्पायुषी कण येऊन थांबला की एक ठोका, तो फुटला की दुसरा. मधल्या वेळाच्या प्रमाणात उंच होणारा ठोका मिळेल, असा परिपथ त्यांनी बांधला आणि सेकंदाचा दशलक्षांश भाग व्होल्टच्या पट्टीने मोजला. म्यूऑनचं सरासरी आयुष्य आलं २.१५ मायक्रोसेकंद, चूक फार तर सात शतांश इकडे-तिकडे. आजचा आकडा २.१९७ आहे. युद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३च्या आसपास, व्हॉल्व्हच्या जोरावर केलेली ही मोजणी. मला तिच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

पण माझं मन अडकतं ते त्याआधीच्या एका प्रसंगात. १९३३मध्ये रॉसी आपल्या नळ्या आणि व्हॉल्व्ह घेऊन एरिट्रियातल्या अस्माराला गेले. शहर समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरांहून उंच, आणि विषुववृत्ताच्या बरंच जवळ. वैश्विक किरण पूर्वेकडून जास्त येतात की पश्चिमेकडून, हे पाहायचं होतं. पश्चिमेकडून जास्त आले, म्हणजे येणारे कण बहुतांशी धनभारित. तोच निष्कर्ष अमेरिकी संशोधकांनी थोडे महिने आधी मेक्सिकोतल्या मोजणीवरून छापला होता. पहिलेपणाचा मान हुकला.

त्याच मुक्कामात त्यांनी एक कंटाळवाणं पण प्रामाणिक काम केलं. आपल्या मोजणीत निव्वळ नशिबाच्या जोडघटना किती, हे तपासायला त्यांनी नळ्या एकमेकींपासून दूर, आडव्या अंतरावर ठेवल्या. आता एक कण सगळ्यांतून जाऊ शकत नाही. जे काही एकत्र वाजेल ते सगळं योगायोगाचं. हिशेब करून आकडा काढला. प्रत्यक्ष मोजणी त्याहून जास्त आली. नळ्या दूर आहेत, एकमेकींशी जोडलेल्या नाहीत, तरी अधूनमधून त्या एकाच क्षणी वाजत होत्या. वरून कणांचे मोठमोठे थवे एकदम उतरत असावेत आणि पुष्कळ जागा व्यापत असावेत, असं त्यांनी निबंधात थोडक्यात लिहून ठेवलं. त्यासाठी त्यांनी वापरलेला 'शामी' हा इटालियन शब्द मधमाश्यांच्या थव्यालाही लागतो. पाठपुरावा करायला त्यांना वेळ मिळाला नाही, आणि काही वर्षांनी पिएर ओझे यांनी फ्रान्समध्ये ते थवे पुन्हा शोधून काढले. उटीला ग्रेप्स-३ या प्रयोगाच्या मैदानात पसरलेले डिटेक्टर आज रात्रंदिवस वाट पाहतात ती याच थव्यांची.

त्या दिवशी अस्मारात सगळे व्हॉल्व्ह एकदम बंद झाले आणि तारेवरचा दाब उसळला, तेव्हा रॉसी योगायोगच मोजायला बसले होते.